स्टोक पार्क गोल्फ मैदान

स्टोक पार्क हे इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यातील स्टोक पोजेस गावाजवळचे ऐतिहासिक गोल्फ मैदान आहे. गोल्फ मैदानांचे रचनाकार हॅरी कोल्ट (१८६९–१९५१) यांनी त्याची आखणी केली. एप्रिल २०२१ पासून ते मुंबईस्थित रिलायन्स इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाच्या मालकीचे आहे.

इतिहास

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांचे नातू जॉन पेन यांच्यासाठी येथील वाडा बांधला गेला. त्याचे काम मुख्यतः वास्तुविशारद जेम्स वायट यांनी केले. भोवतालच्या उद्यानावर अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन व हम्फ्री रेप्टन या दोन नामवंत उद्यानरचनाकारांनी काम केले होते. १९०८ मध्ये निकोलस लेन जॅक्सन यांनी येथे क्लब स्थापन केला. जॅक्सन हे कोरिंथियन या फुटबॉल संघाचेही संस्थापक होते.

रचना

समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीवरील गोल्फ मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे झाडे क्वचितच असतात. वारा व उंचसखल जमीन यांमुळे खेळ अवघड होतो. ‘पार्कलँड’ प्रकारची मैदाने समुद्रापासून दूर, हिरवळ आणि जुने वृक्ष असलेल्या जागी असतात. स्टोक पार्क या दुसऱ्या प्रकारात मोडते.

आधीच घडवलेल्या उद्यानात खेळाची वाट काढणे आणि तरीही उद्यानाचे रूप न मोडणे, हा येथील आखणीचा मुख्य प्रश्न होता. जमिनीचे नैसर्गिक चढउतार शक्यतो तसेच ठेवावेत, असा कोल्ट यांचा कल असे. झाडाचा अडथळा बराचसा नशिबावर अवलंबून असतो, असे त्यांचे मत होते. त्यामुळे खेळाडूच्या कौशल्याची परीक्षा घेण्यासाठी त्यांचा भर वाळूचे खड्डे (बंकर) आणि ग्रीनची मांडणी यांवर राहिला. धाडसी फटक्याला लाभ मिळावा, पण सामान्य खेळाडूलाही लांबची सुरक्षित वाट उरावी, हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य मानले जाते.

मैदानात एकूण २७ होल आहेत. नऊ-नऊ होलांच्या तीन गटांना कोल्ट, ॲलिसन आणि लेन जॅक्सन अशी नावे आहेत. चार्ल्स ॲलिसन हे कोल्ट यांचे सहकारी होते.

सातवे होल

पार तीनचे सातवे होल विशेष प्रसिद्ध आहे. येथे पाण्यापलीकडे तिरक्या बसवलेल्या ग्रीनवर चेंडू पोहोचवावा लागतो. ग्रीन तिरकी असल्याने दिशा आणि अंतर या दोन्हींचा अंदाज एकाच वेळी अचूक यावा लागतो. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल मैदानाच्या बाराव्या होलामागे याचीच प्रेरणा असल्याचे म्हटले जाते. ऑगस्टाचे एक रचनाकार ॲलिस्टर मॅकेन्झी हे काही काळ कोल्ट यांचे भागीदार होते.

मालकी

रिलायन्सने स्टोक पार्कची मालक कंपनी ५.७ कोटी पौंडांना विकत घेतली. येथील वाडा इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत सर्वोच्च श्रेणीत आहे. उद्यानाचीही ऐतिहासिक उद्यानांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद आहे. त्यामुळे मालकी खासगी असली, तरी वाड्यात वा उद्यानात मोठे बदल करताना वारसा जतनाच्या निकषांचा विचार करावा लागतो.

लोकप्रिय संस्कृतीत

जेम्स बाँड मालिकेतील ‘गोल्डफिंगर’ (१९६४) या चित्रपटातील गोल्फ सामन्याचे चित्रीकरण येथे झाले.