टप्प्यांची सायकलशर्यत कशी पाहावी

सायकल ही महाड-पोलादपूरकरांस नवी वस्तू नव्हे. बिरवाडीच्या रस्त्याने शाळेत जाणारी मुले, पहाटेचा पाववाला, कारखान्याच्या पाळीवरून परतणारा कामगार, या सर्वांनी ती वापरली आहे आणि चढ आला की उतरून ढकललीही आहे. पण सायकलींची शर्यत पाच पाच, वीस वीस दिवस चालते आणि तिचे शौकीन दिवसच्या दिवस तिच्यामागे असतात, असे सांगितले की आपल्याकडील बहुतेकांच्या कपाळावर आठी पडते. कबड्डीचा सामना डोळ्यांसमोर सुरू होतो आणि डोळ्यांसमोर संपतो. कुस्तीत कोण चीत झाला हे लहान पोरही सांगते. येथे मात्र माणूस सकाळपासून रस्त्याच्या कडेला शिदोरी घेऊन बसतो, आणि शंभर-दीडशे स्वार त्याच्या समोरून अर्ध्या मिनिटात निघून जातात. एवढ्यासाठी कोण बसेल, ही शंका अगदी रास्त आहे.

ती आताच निघण्याचे कारण असे की, ही शर्यत आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचली आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या दिवसांत पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' नावाची शर्यत झाली. पहिल्या दिवशी शहरात एक छोटी सलामीची दौड आणि नंतरचे चार दिवस चार टप्पे, मिळून सुमारे ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या वर्गवारीत ती '२.२' या श्रेणीची होती. यातील पहिला दोनाचा आकडा अनेक दिवसांची शर्यत दाखवितो. एक दिवसाची असती तर तेथे एक आला असता. या श्रेणीची शर्यत भारतात प्रथमच झाली. महाराष्ट्राला मुंबई-पुणे सायकल शर्यत जुनी माहीत आहे आणि खंडाळ्याचा घाट पहिला चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात हेही माहीत आहे. पण ती एका दिवसाची. टप्प्यांच्या शर्यतीचा हिशेबच वेगळा, आणि वरंधा घाट चढून गेले की ज्या जिल्ह्यात आपण पाऊल टाकतो त्याच जिल्ह्यात तो हिशेब यंदा मांडला गेला.

हिशेब हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. टप्प्यांच्या शर्यतीत रोज एक विजयी होतो, पण शर्यत त्याची होतेच असे नाही. प्रत्येक स्वाराला रोज लागलेला वेळ आदल्या दिवसांच्या वेळेत मिळवीत जातात, आणि ज्याची एकूण बेरीज सर्वांत कमी तो पुढे. म्हणून एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते, आणि चार टप्पे जिंकलेला गडी शेवटी विसाव्या क्रमांकावरही असू शकतो. घोळक्याने एकत्र सीमारेषा ओलांडली तर सर्वांस एकच वेळ धरतात. हे एवढे ध्यानात घेतले नाही तर समोर चाललेले काहीच कळत नाही.

या बेरजेत काय थरार असतो याचे उदाहरण फ्रान्सच्या १९८९ च्या शर्यतीचे. तीन आठवडे, ३,२८५ किलोमीटर. शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लोरां फिन्यों हा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या ५० सेकंद पुढे होता, आणि उरले होते फक्त साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचे. लेमाँडने हातांना पुढे टेकू देणारी लांब मूठ बसविली होती, म्हणजे अंग आडवे होऊन वारा कमी लागे. त्याने ५८ सेकंद भरून काढले. सत्त्याऐंशी तासांहून अधिक सायकल हाणल्यावर शर्यतीचा निकाल आठ सेकंदांनी लागला. पॅरिसच्या रस्त्यावर उभे असलेल्यांना हे आठ सेकंद डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते, कारण दोघे एकमेकांजवळ कधी आलेच नाहीत. ते दिसले फक्त घड्याळाला, आणि ज्यांनी तीन आठवडे बेरीज मनात ठेवली होती त्यांना.

खरे पाहता ही शर्यत पाहण्यासाठी जन्मलीच नव्हती. ती वाचण्यासाठी जन्मली. १९०३ साली 'लोतो' या फ्रेंच क्रीडापत्राला प्रतिस्पर्धी पत्रावर मात करायची होती. संपादक आंरी देग्रांज यांनी सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर फ्रान्सभोवती फिरविणारी शर्यत काढली. साठ जण निघाले, एकवीस पोचले, मोरीस गारें जिंकला, आणि पत्राचा खप वाढला. पत्राचा कागद पिवळा होता. पुढे १९१९ पासून एकूण बेरजेत पुढे असणाऱ्याच्या अंगावर पिवळा सदरा आला. वाचकाने न पाहिलेल्या घाटावर काय घडले ते बातमीदाराने लिहावे आणि वाचकाने त्यावर विश्वास ठेवावा, असा हा मूळचा करार आहे. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

आता घोळका का असतो ते सांगितले पाहिजे. वारा तोंडावर असताना एखाद्या टेम्पोच्या मागे सायकल लावली की पायांतला भार एकाएकी उतरतो, हा अनुभव येथील अनेकांना असेल. (तो घेण्यासारखा नाही हे आम्ही सांगितले पाहिजे.) ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने सपाटीवर जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा फोडण्यात जाते. जो दुसऱ्याच्या चाकाला चाक लावून मागे राहतो त्याची सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचते. म्हणून कितीही दांडगा गडी सपाटीवर एकटा फार वेळ पुढे टिकत नाही. चार-पाच जण सकाळीच निसटून पुढे जातात, घोळका त्यांना जाऊ देतो, दोरी सैल सोडतो आणि शेवटी ओढून घेतो. जाणत्यांचा जुना ठोकताळा असा की, मागचा घोळका मनावर घेतो तेव्हा दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. तीस किलोमीटर उरले आणि पुढच्यांकडे अडीच मिनिटे असली तर ते बहुधा सापडणार; चार असली तर सुटले म्हणावे. हा ठोकताळा पाठ असला की रटाळ वाटणारी दुपार एकदम जिवंत होते.

घाट लागला की सगळे बदलते. वेग निम्म्यावर येतो, वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही आणि प्रत्येकाला आपले वजन आपणच वर न्यावे लागते. सपाटीवर लपलेला दुबळा येथे उघडा पडतो.

या बाबतीत आपल्याला कोणी शिकवावे असे नाही. पोलादपूरपासून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर. चढ जवळजवळ तेराशे मीटर. कापड्याच्या पुढे घाट अंगावर येतो, प्रतापगडाच्या फाट्याशी श्वास मिळतो, आणि वाड्याहून पुन्हा महाबळेश्वरपर्यंत चढतच जायचे. सरासरी काढली तर शंभर मीटरला तीन मीटरच्या थोडी वर. फ्रान्समधील आल्प द्युएझचा प्रसिद्ध चढ १३.८ किलोमीटरचा, एकवीस वळणांचा, शंभर मीटरला आठ मीटरचा. म्हणजे आपला घाट लांबीने मोठा आणि त्यांचा उभेपणाने. पण सरासरी फसवी असते. एस.टी.चा ड्रायव्हर ज्या वळणावर गिअर उतरवितो ते वळण सरासरीत दिसत नाही, आणि शर्यत तेथेच फुटते.

शिवाय चढलेले उतरावे लागते. संरक्षक कठड्याला लागून, खडी पसरलेल्या वळणावर ताशी सत्तरच्या वेगाने उतरणे म्हणजे काय हे घाटात गाडी चालविणाऱ्याने मनाशी आणून पाहावे. १९९५ च्या शर्यतीत पिरेनीज पर्वतातील पोर्ते दास्पे या घाटाच्या उतारावर फाबियो कासार्तेल्ली हा इटालियन स्वार पडून मरण पावला. १९९२ च्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याच्या नावावर होते.

याच पोर्ते दास्पेची आणखी एक हकीकत आहे, आणि ती सांगितल्यावाचून संघ म्हणजे काय हे समजत नाही. शर्यत एकट्याच्या नावावर जमा होते, पण धावतो संघ. फ्रान्सच्या शर्यतीत २०१८ पासून एका संघात आठ जण असतात. एक नायक, बाकीचे त्याला वाऱ्यापासून झाकणारे, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देणारे. फ्रेंचांत त्यांना घरगड्याचाच शब्द लावतात. १९३४ साली रने व्हियेतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा फ्रान्सच्या संघात होता आणि घाटावर त्याला कोणी आवरत नव्हते. एका उतारावर संघनायक आंतोनें मान्य याचे चाक मोडले. व्हियेतोने आपले पुढचे चाक काढून दिले आणि दुसरे येईपर्यंत रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर बसून रडला; त्याचे ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी पोर्ते दास्पेवर मान्यची सायकल पुन्हा निकामी झाली. पुढे गेलेला व्हियेतो मागे फिरला, घाट उलटा चढला आणि आपली सायकल त्याच्या हाती दिली. मान्यने ती शर्यत जिंकली. व्हियेतो पाचवा आला आणि पुढेही ती शर्यत त्याला कधी जिंकता आली नाही. तानाजींच्या उमरठपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना स्वामिनिष्ठेची उदाहरणे फ्रान्समधून आणण्याची गरज नाही, आणि खेळाची तुलना रणाशी करण्याचा आमचा हेतूही नाही. सांगायचे एवढेच की, अर्ध्या मिनिटात जो घोळका समोरून जातो त्यात असे अनेक व्हियेतो असतात, आणि कोण कोणासाठी राबतो आहे हे ओळखता येणे हीच या छंदाची खरी गोडी.

आता विश्वासाची गोष्ट. ज्या खेळात पाहणाऱ्याला इतके थोडे दिसते त्यात उरलेले सारे विश्वासावर असते, आणि हा विश्वास पुष्कळदा मोडला गेला आहे. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या उघड्या, रखरखीत डोंगरावर इंग्लंडचा टॉम सिम्प्सन कोसळून मेला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात उत्तेजक गोळ्या सापडल्या. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ असा सात वेळा फ्रान्सची शर्यत जिंकला, आणि २०१२ साली ती सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ती दुसऱ्या कोणालाही दिली नाहीत. त्या सात वर्षांपुढे विजेत्याची जागा मोकळी आहे. ज्यांनी सात उन्हाळे त्याची बेरीज मनात सांभाळली त्यांचे काय झाले असेल?

तरी शौकीन टिकले. काही म्हणतात की हा भोळेपणा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. रक्तलघवीच्या तपासण्या आता कडक आहेत. पण तेवढ्याने मन निःशंक होत नाही, आणि होऊही नये. पहिल्या आलेल्याबद्दल संशय ठेवूनही सत्तराव्या आलेल्याचे कष्ट खोटे ठरत नाहीत. ज्याला फक्त विजेता पाहायचा आहे त्याने हा खेळ पाहू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाहायचे असेल तर दोन मार्ग. जुलैत फ्रान्सचे टप्पे तेथील साडेपाचच्या सुमारास संपतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ. सावित्रीला पाणी चढलेले असते, वरंधा दरडींमुळे बहुधा बंद असतो; आणि नेमके तेव्हाच त्यांचे घाट बर्फ वितळून मोकळे झालेले असतात. वीज टिकली तर घरबसल्या पाहता येते. २०२२ पासून स्त्रियांचीही टप्प्यांची शर्यत तेथे दरवर्षी होते. तीही पाहावी, त्यात डावपेच अधिक मोकळेपणाने खेळतात असे आमचे निरीक्षण आहे.

दुसरा मार्ग रस्त्यावर उभे राहण्याचा, आणि त्याची सवय आपल्याला आहे. शिमग्यात पालखी दारात यायची म्हणून आपण तासन्‌तास थांबतो, वीरेश्वराच्या छबिन्याला रात्र जागवितो. पालखी दारात किती वेळ टेकते याचा हिशेब कोणी करीत नाही. शर्यतीसाठी तिकीट नसते. जागा मात्र निवडावी. सपाटीवर उभे राहिलात तर रंगांचा एक झोत आणि चाकांचा सूं आवाज, एवढेच पदरी पडेल. घाटाच्या वरच्या तिसऱ्या भागात, चढ तीव्र होतो तेथे, वळणाच्या आतल्या नव्हे तर बाहेरच्या सुरक्षित बाजूस उभे राहावे. तेथे घोळका फुटलेला असतो, स्वार एकेक दोन दोन येतात, चेहरे दिसतात, आणि पुढचा व मागचा यांत किती अंतर आहे हे स्वतःच्या घड्याळावर मोजता येते. रस्त्यावर पाऊल टाकू नये, सोबत धावू नये, फोटोसाठी हात पुढे करू नये. २०२१ साली ब्रिटनी प्रांतात एका प्रेक्षक बाईने कॅमेऱ्यासाठी फलक रस्त्यावर धरला. टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि त्याच्यामागे डझनांनी स्वार कोसळले. आपले घाट त्या रस्त्याहून अरुंद आहेत, आणि गुरांना फलकाची गरज नसते.

पहिले गेले म्हणजे लगेच निघू नये. मागे जड अंगाचे, सपाटीवर भरधाव धावणारे गडी एकमेकांना धरून येत असतात. ठरलेल्या मुदतीत पोचले नाहीत तर ते बाद होतात, म्हणून शत्रुसंघांतलेही तेथे एकमेकांना सांभाळून घेतात. त्यांच्याही मागे एखादा एकटा येतो, आणि त्याच्यामागे थकलेल्यांना उचलून घेणारी मोटार. १९१० पासून फ्रान्समध्ये तिला झाडूची गाडी म्हणतात. ती गेली की पोलीस रस्ता मोकळा करतात.