गिनीपिगची ‘अरुची’ : भूक नव्हे, मुख तपासावे

मुलांच्या हट्टापायी नाशिकहून आणलेला गिनीपिग पेठसारख्या तालुक्याच्या गावी क्वचितच एखाद्या घरी असतो. पण असला, आणि त्याने खाणे सोडले, तर घरची मंडळी पशुवैद्याकडे जाण्यापूर्वी बहुधा ओळखीच्या औषधी दुकानात किंवा वैद्यांकडे येतात. मागणी एकच असते, ‘याला भुकेचे काही तरी द्या.’ दुकानदाराच्या हाताशी हिंग्वाष्टक असते, लवणभास्कर असते, दशमूलारिष्ट असते, आणि सद्हेतूने थोडेसे दिलेही जाते. त्यात प्राण्याचे दोन दिवस वाया जातात, आणि गिनीपिगाच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे पुष्कळच झाले. म्हणून हा विषय आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवण्याचे प्रयोजन.

आपल्या शास्त्रात अन्न नाकारण्याच्या अवस्थांचा सूक्ष्म भेद केलेला आहे. मुखात घातलेले अन्न रुचत नाही तो अरोचक. अन्नाच्या स्मरणाने वा दर्शनानेच तिटकारा येतो तो भक्तद्वेष. क्रोध, भय आदींमुळे अन्नाची इच्छाच होत नाही तो अभक्तच्छंद. गिनीपिगाचे नीट निरीक्षण केले तर तो या तिन्हींत बसत नाही, असे पुष्कळदा आढळते. भाजीचा वास येताच तो पुढे धावतो, तुकडा उचलतो, दोन-चार वेळा चावतो आणि टाकून देतो. पाते तोंडातून अर्धे बाहेर लोंबत राहते. हनुवटी लाळेने ओली असते. कडक गवत सोडून तो मऊ काकडीच तेवढी निवडतो. येथे इच्छा आहे, सामर्थ्य नाही. अशा रुग्णाला दीपन द्रव्य देणे म्हणजे दार बंद असलेल्या घरात पाहुण्यांना आग्रहाने बोलावणे होय.

या दाराची रचना समजून घेतली पाहिजे. गिनीपिगाला एकूण २० दात असतात : वर-खाली प्रत्येक बाजूस एक पटाशीचा आणि चार दाढा. ते सर्वच जन्मभर वाढत राहतात. पेठच्या बाजारात बैल घेताना शेतकरी त्याचा जबडा उघडून दोनदाती, चारदाती, सहादाती अशी पारख करतो. बैलाचे दात एकदा आले की झिजतच जातात. गिनीपिगात झीज आणि वाढ यांचा तोल आयुष्यभर सांभाळावा लागतो, आणि तो तोल सांभाळते ते तंतुमय गवताचे तासन्‌तास चालणारे चर्वण. गवताऐवजी दाणे, बिस्किटे, पोळी असा आहार मिळाला की हा तोल बिघडतो. खालच्या दाढा जिभेकडे झुकून वाढतात व पुढे जिभेवर कमानीसारख्या येतात. जीभ त्याखाली अडकते आणि गिळणे अवघड होते. वरच्या दाढांचे काटे गालाला जखमा करतात. वाग्भटांनी दंतरोगांत वर्णिलेल्या ‘कराल’ या विकृतीची येथे आठवण होते, परंतु साम्य आठवणीपुरतेच मानावे. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोहोचला. पालकाप्याच्या हस्त्यायुर्वेदात वा शालिहोत्राच्या अश्वशास्त्रात त्याची मात्रा शोधणे व्यर्थ आहे.

पटाशीचे दात वाकडे दिसले म्हणजे रोग तेथेच आहे, असेही समजू नये. मूळ दोष बहुधा मागे दाढांत असतो. मुख इतके अरुंद की साध्या डोळ्यांनी दाढा दिसत नाहीत. काही जण नखे कापण्याच्या कात्रीने पुढचे दात छाटतात. हे कटाक्षाने टाळावे, कारण दात उभा चिरतो, मज्जा उघडी पडते व पुढे गळू होते. लवंगतेलाचा बोळाही येथे उपयोगाचा नाही. ही कृमिदंताची वेदना नव्हे, काट्याने झालेली जखम आहे, आणि तीक्ष्ण तेलाने ती अधिकच चुरचुरते.

क जीवनसत्त्व आणि शीताद

दुसरे कारण आहाराचे आहे. मनुष्याप्रमाणेच गिनीपिगाचे शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले असता त्यांना स्कर्व्ही झाला; या रोगाच्या संशोधनाला त्यातूनच नवी दिशा मिळाली. हिरड्यांतून रक्त येणे, दात हलणे, सांधे दुखल्यामुळे एका जागी बसून राहणे ही त्याची लक्षणे. सुश्रुतोक्त शीतादाशी त्याचे साम्य आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. दाताला धरून ठेवणारे बंधच सैल झाल्याने दंतविकृती वाढते, आणि खाणे घटल्याने जीवनसत्त्व आणखी कमी पडते.

निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे रोज १० ते ३०, आणि रुग्णावस्थेत ३० ते ५० मिलिग्रॅम लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६००, पेरूत २१२ आणि कोथिंबिरीत १३५ मिलिग्रॅम अशी नोंद आहे. तेव्हा आवळ्याची लहानशी फोड निरोगी प्राण्याला पुरेशी होते. मुखात व्रण असताना मात्र आंबट रस झोंबतो आणि राहिलेले खाणेही सुटते. अशा वेळी कोथिंबीर बरी, किंवा ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी २० मिली पाण्यात विरघळवून ते ताजे द्रावण सिरिंजने द्यावे. एका मिलीत २५ मिलिग्रॅम बसतात. पिण्याच्या भांड्यात टाकलेले जीवनसत्त्व लवकर निकामी होते. च्यवनप्राश देऊ नये. त्यातील साखर, मध व तूप या प्राण्याच्या आतड्यांना मानवत नाहीत. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यांश लक्षात घेता तीही वर्ज्यच.

गवताच्या बाबतीत पेठ तालुका भाग्यवान आहे. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावरचे गवत विपुल मिळते. कुसळी गवत मात्र निवडून टाकावे, कारण त्याची टोकदार कुसळे हिरडीत रुततात. भाताचा पेंढा निकृष्ट. तो अंथरायला ठीक, मुख्य आहार म्हणून नव्हे. येथील मुसळधार पावसात साठवलेल्या गवताला बुरशी चढते, तेव्हा श्रावण-भाद्रपदात प्रत्येक मूठ हुंगून पाहावी.

घाट उतरेपर्यंत

दाढा घासणे, कवटीचे क्ष-किरण चित्र घेणे, त्यासाठी भूल देणे ही कामे लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचीच. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे, ही मर्यादा आपण स्वतःहून पाळावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वेदनाशमन व द्रव देण्याची सोय पाहावी. शस्त्रक्रियेसाठी बहुधा कोटंबी आणि सावळ घाटांच्या वाटेने नाशिक गाठावे लागते. तोवर प्राणी जिवंत ठेवणे हे काम घरच्यांचे, आणि ते त्यांना शिकवणे आपल्या हाती आहे.

गिनीपिगाचे पचन मोठ्या आतड्यातील किण्वनावर चालते. तो १२ ते २४ तास उपाशी राहिला तरी आतड्यांची गती मंदावते, वायू साचतो आणि यकृतात मेद उतरू लागतो. म्हणून गवताच्या गोळीखाद्याची पूड कोमट पाण्यात पातळ कालवून, दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ८० मिली, पाच-सहा वेळांत विभागून भरवावी. प्राणी सरळ बसलेला असावा, उताणा कधीही नव्हे. सिरिंज पटाशीच्या दातांमागून बाजूने घालून एका वेळी अर्धा मिली सोडावा आणि तो चावून गिळेपर्यंत थांबावे. घाई केल्यास अन्न फुप्फुसात जाते. पोट ढोलासारखे ताठ असेल तर भरवणे थांबवून तत्काळ पशुवैद्य गाठावा. स्वयंपाकघरातील काट्यावर रोज एकाच वेळी वजन घेऊन लिहून ठेवावे. पूर्ण वाढलेला प्राणी ७०० ते १,२०० ग्रॅमचा असतो. त्यात दहावा हिस्सा घटला की धोका ओळखावा.

औषधी दुकानदारांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. तोंड सुजलेल्या गिनीपिगाला लहान मुलांचे प्रतिजैविक सिरप देऊ नये. तोंडावाटे दिलेली अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधे त्याच्या आतड्यांतील हितकर जंतू नष्ट करतात. घातक जंतू वाढून काही दिवसांतच प्राणी दगावतो. दात नीट असूनही तो औषधाने मरतो.

घरच्यांना खर्चाची व फेऱ्यांची कल्पना आधीच द्यावी. दाढा एकदा घासल्या म्हणजे रोग संपला, असे क्वचितच होते. वाढ चालूच राहते व पुष्कळ प्राण्यांना चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा न्यावे लागते. भूल दिल्यानंतरही काही दिवस हाताने भरवणे चुकत नाही. दाढांची मुळे जबड्याच्या हाडातून खाली उतरली असतील, तर पशुवैद्य वेदनारहित मृत्यूचा पर्यायही सुचवतील, आणि तो सल्ला मुलांना समजावून सांगण्याची वेळ घरच्या वडीलधाऱ्यांवर येईल. प्रवासात पेटीत मूठभर गवत ठेवावे, उन्हाची वेळ टाळावी आणि निघण्यापूर्वी एकदा भरवावे. या प्राण्याला ओकारी येत नसल्याने भुलीसाठी त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नाही.