बंद पडलेल्या सॉफ्टवेअरवर चालणारी नेटवर्क-उपकरणे : ‘आयपीनेट’ प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :

रुग्णालयातील इन्फ्युजन पंप, कारखान्यातील नियंत्रक व कार्यालयातील राउटर ही उपकरणे वरवर भिन्न दिसत असली, तरी त्या प्रत्येकाच्या अंतर्भागात एकच ठरावीक कार्य अखंडपणे करणारा लहानसा संगणक असतो. अशा रचनेस एम्बेडेड प्रणाली असे म्हणतात. ही उपकरणे पंधरा-वीस वर्षेही सेवेत राहतात. त्यांतील सॉफ्टवेअरचा निर्माता मात्र तेवढा काळ टिकतोच असे नाही. कंपनी विकली जाते, उत्पादन मागे घेतले जाते आणि यंत्र चालूच राहते. अशा यंत्राची देखभाल कोणी व कशी करावी, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे तपासला आहे.

आयपीनेटची वाटचाल :

नेटवर्कवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संचास टीसीपी/आयपी स्टॅक म्हणतात. उपकरणाचा निर्माता तो बहुधा स्वतः लिहीत नाही, तयार विकत घेतो. स्वीडनमधील इंटरपीक या कंपनीचा ‘आयपीनेट’ हा असाच एक स्टॅक होय. अनेक रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तो परवान्याने वापरला गेला. २००६ मध्ये अमेरिकेतील विंड रिव्हर कंपनीने इंटरपीक विकत घेतली आणि आयपीनेट तिच्या व्हीएक्सवर्क्स या प्रणालीचा भाग झाला.

जुलै २०१९ मध्ये आर्मिस या सुरक्षा-संस्थेच्या संशोधकांनी आयपीनेटमधील ११ दोष जाहीर केले. त्यांपैकी ६ दोषांमुळे दूर बसलेल्या व्यक्तीस उपकरणावर स्वतःच्या आज्ञा चालविता येणे शक्य होते. ४ दोष टीसीपीमधील ‘अर्जंट पॉइंटर’ या आज क्वचितच वापरल्या जाणाऱ्या सोयीशी निगडित होते. त्यावरूनच या दोषसमूहास ‘अर्जंट/११’ हे नाव मिळाले. त्यातील एका दोषाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. या पॉइंटरचे मूल्य शून्य पाठविल्यास आतील वजाबाकी शून्याखाली जाते. ऋण संख्या न मानणाऱ्या गणितात तिचे उत्तर प्रचंड मोठी संख्या येते व राखीव जागेपेक्षा अधिक माहिती स्मृतीत लिहिली जाते.

विंड रिव्हरने व्हीएक्सवर्क्ससाठी दुरुस्त्या उपलब्ध केल्या. तथापि १ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरणांविषयी इशारा दिला, तेव्हा प्रश्नाची खरी व्याप्ती समोर आली. २००६ पूर्वी परवाना घेतलेल्या अन्य प्रणालींतही तोच स्टॅक असू शकत होता. त्यास मूळ विक्रेत्याचा आधार उरलेला नसला, तरी काही उत्पादकांचा परवाना आधाराविना वापर चालू ठेवण्याची मुभा देत होता. आपल्या पंपात आयपीनेट आहे, हे रुग्णालयास ठाऊक असण्याचे तर कारणच नव्हते.

देखभालीचे मार्ग :

म्हणून पहिले काम ओळखीचे. फर्मवेअरची छाननी करून, अथवा उपकरण नेटवर्कवर कसे उत्तर देते हे पाहून, आतील स्टॅक ओळखता येतो. महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये उपकरणाची किंमत व खरेदीची तारीख असते. आतील सॉफ्टवेअरचा रकाना तेथे सहसा नसतो!

दुसरे काम दुरुस्तीचे, आणि ते अधिक कठीण. केवळ सोर्स कोड पुरत नाही. त्या काळचा कंपायलर, त्याचा परवाना व तो ज्यावर चालत असे ती जुनी ऑपरेटिंग सिस्टीमही लागते. हे सर्व वेळीच व्हर्च्युअल मशीनमध्ये जतन केले नसेल, तर हाती असलेला कोडही निरुपयोगी ठरतो. वैद्यकीय उपकरणात दुरुस्तीनंतर पुन्हा चाचण्या घ्याव्या लागतात, हा खर्च वेगळाच.

दुरुस्ती अशक्य असल्यास विलगीकरण उरते. अर्जंट/११ बाबत ‘अर्जंट’ खूण असलेली पाकिटे फायरवॉलवर अडविणे हा एक उपाय होता. परंतु ११ पैकी एक गंभीर दोष डीएचसीपीच्या उत्तराशी संबंधित होता. असे उत्तर त्याच स्थानिक नेटवर्कातून येऊ शकते, आणि तेथे सीमेवरील फायरवॉल उपयोगी पडत नाही. त्यासाठी अशी उपकरणे स्वतंत्र नेटवर्कातच ठेवावी लागतात.

याच्या उलट उदाहरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचे आहे. त्यात लिनक्स असल्याने परवान्यातील अटीनुसार २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला व राउटरची देखभाल निर्मात्याबाहेरील लोकांनी केली. २००५ मधील पाचव्या आवृत्तीत कंपनीने स्मृती कमी करून व्हीएक्सवर्क्स स्वीकारले. लिनक्स असलेले यंत्र डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळे विकले. अर्थात खुल्या कोडलाही मर्यादा होतीच. ओपनडब्ल्यूआरटीच्या नंतरच्या आवृत्त्या जीएलच्या ४ एमबी फ्लॅश व १६ एमबी रॅममध्ये मावेनाशा झाल्या.

मार्च २०२३ पासून अमेरिकेत नेटवर्कशी जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या मान्यतेसाठी त्यांतील सर्व सॉफ्टवेअर-घटकांची यादी देणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. खरेदीच्या निविदेत अशी यादी व आधार संपण्याची तारीख मागणे आपल्या संस्थांनाही शक्य आहे. त्या तारखेपूर्वी विकल्या गेलेल्या व आजही वापरात असलेल्या यंत्रांना मात्र ही अट मागे जाऊन लागू होत नाही. त्यांची यादी ज्याच्याकडे यंत्र आहे त्यालाच करावी लागेल.