उतरणीचा हिशेब

रात्री जेवणे आटोपल्यावर गच्चीत उभे राहिले, की नांदेडच्या आकाशातून पश्चिमेकडे सरकणारा एखादा लुकलुकता दिवा दिसतो. मुंबईकडे निघालेले ते विमान असते. नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "मुंबई येईपर्यंत ते इतकंच उंच असतं का? मग एकदम खाली कसं येतं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर चुकल्यामुळे अनेक विमाने डोंगरावर आदळली आहेत.

विमान एकदम खाली येत नाही. प्रवासी विमानाची उतरण साधारण ३ अंशांची असते. त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. ३ अंशांचे टॅन्जंट ०.०५२, म्हणून दर किलोमीटरला विमान ५२ मीटर, म्हणजे सुमारे १७२ फूट खाली येते. (विमानाची उंची जगात बहुतेक ठिकाणी अजूनही फुटांतच सांगतात, म्हणून आपणही फुटांतच बोलू.) विमान ३५,००० फुटांवर असेल तर ३५,००० भागिले १७२, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर आधी उतरण सुरू करायला हवी. मुंबईत उतरणारे विमान पूर्वेकडून येत असेल, तर ते साधारण अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या माथ्यावर असतानाच खाली येऊ लागते.

या वाटेवर उंचीच्या अटी घातलेल्या असतात. अमुक ठिकाणी इतक्या फुटांच्या खाली यायचे नाही, तमुक ठिकाणी इतक्याच्या वर राहायचे नाही. खालची अट डोंगरांसाठी आणि वरची बहुधा दुसऱ्या विमानांसाठी. मुंबईच्या पूर्वेला तर सह्याद्रीची भिंतच उभी आहे.

या भिंतीवर ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान आदळले. ते सिडनीहून रोमला निघाले होते आणि बँकॉक सोडून मुंबईकडे येत होते. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर, मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर अलीकडे, साडेतीन हजार फुटांच्या आसपास ते धडकले. विमानातील सर्व ९४ माणसे मृत्युमुखी पडली.

आता वरचा हिशेब इथे लावून पाहू. मुंबईपासून ८४ किलोमीटरवर असताना ३ अंशांच्या उतरणीत विमानाची उंची किती हवी? ८४ गुणिले १७२, म्हणजे चौदा हजार फुटांच्या वर. साडेतीन हजार फुटांची उंची शोभली असती ती धावपट्टीपासून वीसेक किलोमीटरवर, म्हणजे ठाण्याच्या आसपास. थोडक्यात, विमान होते जुन्नरच्या डोंगरात आणि उंची होती ठाण्याची. प्रत्यक्षातली उतरण इतकी काटेकोर नसते हे खरे, पण चूक केवढी होती ते यावरून कळते.

चौकशीत हेच निघाले. आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला होता, म्हणून त्याने उतरण फार लवकर सुरू केली. आपले खरे ठिकाण ताडून पाहण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा त्याने उपयोग केला नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली, आणि या वाटेवरचा मुलूखही त्याच्या परिचयाचा नव्हता. उंचीची चूक इथे मुळात ठिकाणाची चूक होती. आपण कुठे आहोत हे नीट माहीत नसेल, तर किती उंच आहोत या माहितीचा काहीच उपयोग होत नाही.

पण मग उंचीमापक काय करत होता? त्याने काही खोटे सांगितले असे मानायचे कारण नाही. उंचीमापक हा मुळात वायुभारमापक आहे. बाहेरच्या हवेचा दाब मोजून तो समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. खालच्या जमिनीची त्याला खबर नसते. मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. नांदेडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० फुटांवर आहे, तर लातूरचा दोन हजारांच्या वर. तबकडीवर १,५०० फूट दिसत असतील, तर नांदेडच्या धावपट्टीवर विमान अडीचशे फूट उंच असेल. लातूरला तेच १,५०० फूट जमिनीच्या पोटात जातात!

शिवाय दाब रोज बदलतो. जमिनीजवळ एका मिलिबारमागे सुमारे २७ ते २८ फूट असे प्रमाण पडते. पावसाळ्यात दाब उतरलेला असताना उंचीमापक प्रमाण दाबावर, म्हणजे १०१३ मिलिबारवर, तसाच ठेवला आणि प्रत्यक्षात समुद्रसपाटीचा दाब १००३ असला, तर काटा खऱ्या उंचीपेक्षा पावणेतीनशे फूट जास्त दाखवील. म्हणून उतरताना नियंत्रक स्थानिक दाब सांगतो आणि वैमानिक तो बसवून घेतो.

डॉ. होमी भाभा यांचा ज्यात अंत झाला, तो २४ जानेवारी १९६६ चा अपघात याच जातीचा. त्याभोवती कटाच्या कथा पुष्कळ फिरतात. चौकशी अहवालातली हकीकत मात्र साधी आणि म्हणूनच अधिक चटका लावणारी आहे. एअर इंडियाचे विमान जिनिव्हाला उतरत होते आणि त्याच्या दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होते. माँ ब्लाँ शिखराच्या संदर्भात आपण कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. रडारवरच्या नियंत्रकाला ही चूक दिसली आणि त्याने विमानाचे खरे ठिकाण कळवलेसुद्धा. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. डोंगराची रांग मागे पडली असे समजून वैमानिक खाली येत राहिला. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

शब्दांचा घोळ याहून विचित्रही असू शकतो. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितले गेले. इंग्रजी आकडे सुटे सुटे वाचायचे, म्हणून नियंत्रक म्हणाला, "टू फोर झीरो झीरो". वैमानिकांनी पहिला 'टू' दोन असा न घेता 'पर्यंत' असा घेतला आणि उरले चारशे फूट! विमान टेकडीवर आदळले, चौघेही गेले. नियंत्रकाचे शब्द वैमानिकाने परत म्हणून दाखवायचे असतात, ते याचसाठी; पण ते म्हणून दाखवणे कोणी लक्ष देऊन ऐकले तरच उपयोगाचे.

डोंगर नसेल तेव्हा दुसरे विमान असते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले आणि १४,००० फुटांवरून येणाऱ्या सौदी विमानाला भिडले. दोन्ही विमानांतील मिळून ३४९ माणसे गेली. समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले, ते यानंतर.

जमिनीची सूचना देणारे यंत्र त्याआधी, १९७० च्या दशकात आले. ते खाली रेडिओलहरी सोडून जमिनीपासूनची खरी उंची मोजते. मात्र ते फक्त सरळ खाली पाहते. समोर उभा कडा असेल, तर इशारा मिळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पुढे १९९० च्या दशकात विमानाच्या संगणकातच डोंगरदऱ्यांचा नकाशा साठवला जाऊ लागला, तेव्हा ही उणीव बरीचशी भरून निघाली.

वर्गात करून पाहण्यासारखा एक हिशेब सांगतो. मुंबईहून नांदेडला येणारे विमान २५,००० फुटांवर आहे. त्याने उतरण कुठे सुरू करावी, आणि नांदेडपासून साठ किलोमीटरवर, परभणीच्या आसपास, तबकडीवर किती फूट दिसावेत? पहिले उत्तर नकाशावर माजलगाव आणि गेवराई यांच्या दरम्यान येते. दुसरे साडेअकरा हजारांच्या आसपास यायला हवे. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचे उत्तर दहा हजार तीनशे आले. धावपट्टीचे १,२५० फूट मिळवायचे राहून गेले होते.