‘खंडकरी’ कोणाला म्हणावे? जमीनसुधारणेची परिभाषा आणि वालचंदनगरचा परिसर



काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात मी ‘-करी’ हा प्रत्यय शिकवीत होतो. शेतकरी, वारकरी, गावकरी अशी उदाहरणे फळ्यावर लिहिली आणि त्यांच्या जोडीला ‘खंडकरी’ हा शब्द लिहून त्याचा अर्थ सांगितला : खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. मागच्या बाकावरील, इंदापूर तालुक्यातून आलेले एक प्रौढ विद्यार्थी उभे राहिले. म्हणाले, “सर, आमच्याकडे उलटे आहे. आमचे आजोबा खंड देत नव्हते, घेत होते. जमीन त्यांची, कसणारी कंपनी. तरी आम्हालाच खंडकरी म्हणतात.” त्यांचे म्हणणे बरोबर होते आणि माझी व्याख्या अपुरी होती. ती अपुरी का पडली हे पाहायचे तर या शब्दांच्या मागे असलेला जमिनीचा व्यवहार समजून घ्यावा लागेल.

प्रथम मूळ शब्द पाहू. ‘कूळ’ म्हणजे घराणे. परंतु महसुली मराठीत ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ध्यानात घ्या. कूळ लावले जाते, काढले जाते, बदलले जाते. जिवंत माणसाविषयी बोलताना क्रियापद मात्र वस्तूचे वापरले जाते. हा केवळ व्याकरणाचा योगायोग असेलही, पण जुनी कुळे ज्या असुरक्षिततेत जगत होती, तिच्याशी तो चांगलाच जुळतो. ‘खंड’ म्हणजे जमिनीच्या वापराबद्दल ठरवून द्यावयाची रक्कम किंवा धान्य. पीक बुडाले तरी ठरलेला खंड चुकत नसे. बटाईत नफातोटा वाटला जातो, खंडात तो सामान्यतः कसणाऱ्याच्या माथी येतो.

मालक आणि कसणारा यांच्यातील हे नाते कायद्याने तोडण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी झाले. त्यांतील आयर्लंडचे उदाहरण तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथे १८७९ मध्ये ‘लँड लीग’ स्थापन झाली आणि कुळांनी वाढीव खंडाविरुद्ध लढा उभारला. आपण आज सहज वापरतो तो ‘बॉयकॉट’ हा शब्द याच लढ्यातला : १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी गावकऱ्यांनी सर्व व्यवहार थांबवले आणि त्याचे आडनाव क्रियापद झाले. पुढे सरकारने टप्प्याटप्प्याने कायदे केले. त्यांतील १९०३ चा विंडहॅम कायदा सर्वांत परिणामकारक ठरला. त्याची रचना अशी : जमीनदाराला किंमत सरकारने चुकती करावयाची, वर बारा टक्के प्रोत्साहन रक्कम द्यावयाची, आणि कुळाने ते कर्ज दरसाल सव्वातीन टक्के दराने साडेअडुसष्ट वर्षे सरकारकडे फेडावयाचे. बहुतेक कुळांचा हा हप्ता त्यांच्या पूर्वीच्या खंडापेक्षाही कमी होता. म्हणजे जमीनदार आणि कूळ या दोघांच्या मध्ये सरकार स्वतःची तिजोरी घेऊन उभे राहिले.

आपल्याकडे मुंबई राज्यात १९४८ साली कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी, काही अपवाद वगळता, कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे ‘मानीव खरेदीदार’ झाले. या ‘मानीव’ शब्दापाशी थोडे थांबू. कोरीव, रेखीव, आखीव या विशेषणांतील ‘-ईव’ हाच प्रत्यय येथे ‘मान’ या धातूला लागला आहे. कूळ बाजारात जाऊन जमीन विकत घेत नाही. त्याने ती घेतली आहे असे कायदा मानतो. महसुली परिभाषेतील अनेक शब्द ओबडधोबड आहेत, पण हा शब्द मला नेमका वाटतो.

किंमत मात्र खरोखरच द्यावी लागे. कायम कुळासाठी ती वार्षिक खंडाच्या सहापट होती. इतर कुळांसाठी आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान शेतजमीन न्यायाधिकरण ती ठरवी. शिवाय विहीर, बांधकाम यांचे मोल वेगळे. ही रक्कम जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत, साडेचार टक्के व्याजाने भरावयाची होती. आयर्लंडशी असलेला फरक येथेच आहे. आपल्या सरकारने भाव ठरवला, हप्ते बांधून दिले, पण जमीनमालकाचे पैसे स्वतःच्या तिजोरीतून आगाऊ चुकते केले नाहीत. साडेअडुसष्ट वर्षे कोठे आणि बारा वर्षे कोठे! किंमत भरून ‘३२ म’चे प्रमाणपत्र हाती आल्यावरच मालकी पक्की होई, हप्ते थकले तर खरेदीच निष्प्रभ ठरण्याची भीती असे.

कायदा पुरता अमलात येण्यापूर्वीच अनेक ठिकाणी कुळांनी जमिनी सोडून दिल्या होत्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदोपत्री ‘स्वेच्छेने’ झालेली ही सोडचिठ्ठी कितपत स्वेच्छेची होती, याबद्दल त्यांनी गंभीर शंका व्यक्त केली. महसुली मराठीत कुळाने हक्क सोडण्याला ‘राजीनामा’ म्हणतात. शब्दात राजीखुशी आहे. व्यवहारात ती किती होती, हे शब्दावरून कळत नाही.

आता वालचंदनगरकडे वळू. नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारला आणि त्या वसाहतीला त्यांचेच नाव मिळाले. राज्यातील अशा खाजगी कारखान्यांनी उसासाठी मोठमोठी क्षेत्रे घेतली. काही विकत, काही शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने. येथे नेहमीचे चित्र उलटे झाले. मालक लहान शेतकरी आणि खंड देणारी बलाढ्य कंपनी! ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र येथे शब्दशः लावले असते तर कंपनीच मालक झाली असती. उद्योगांना दिलेल्या आणि उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनी खरेदीच्या तरतुदींतून कायद्यानेच वगळल्या होत्या. त्यामुळे कृषक दिन या मळ्यांवरून काहीही न बदलता निघून गेला.

बदल आला तो १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने. कारखान्यांकडील मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घेतली. खंडाने घेतलेली जमीनही त्यात आली. सर्वसाधारण वरकड जमीन भूमिहीनांना वाटावयाची होती. परंतु कारखान्यांच्या जमिनीबाबत वेगळा विचार झाला : सलग मळे तोडू नयेत आणि उसाचा पुरवठा खंडित होऊ नये. त्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. इंदापूर भागातील रत्नपुरी मळा याच महामंडळाचा.

मग ज्यांनी मूळ जमीन खंडाने दिली होती त्यांचे काय? कारखाना गेला, मध्ये सरकार आले, आणि मालक मालकीपासून आणखी दूर गेला. हेच ते ‘खंडकरी शेतकरी’. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी त्यांचा लढा दशकानुदशके चालवला. अखेर २०१२ मधील कायदादुरुस्तीनंतर मूळ मालकांना वा त्यांच्या वारसांना जमीन परत देण्याचा मार्ग खुला झाला. तोवर अनेक घरांत आजोबांची जमीन नातवंडांच्या नावे लागण्याची वेळ आली होती. मिळाली तीही प्रथम ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून, म्हणजे विक्रीवर निर्बंध ठेवून.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या शंकेचे उत्तर देता येईल. ‘-करी’ हा प्रत्यय केवळ संबंध दाखवतो, त्याची दिशा दाखवत नाही. कामकरी काम करतो. मानकरी मात्र मान घेतो. म्हणून खंडकरी हा खंड देणाराही असू शकतो आणि घेणाराही. ‘कूळ’ या शब्दाला कायद्याने व्याख्या दिली, ‘खंडकरी’ला ती चळवळीने दिली.

एक वर्ग मात्र या दोन्ही शब्दांत बसत नाही. महामंडळाच्या मळ्यांवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावला, पाणी दिले, ते मजूर. प्रत्यक्ष कसणारे तेच; पण ते कूळ नव्हेत, कारण त्यांनी खंड दिला नाही, आणि खंडकरी नव्हेत, कारण जमीन त्यांची नव्हती. कागदावर ते ‘कामगार’, म्हणून त्यांची मागणी जमिनीची न राहता घरासाठी दोन गुंठ्यांची झाली. आयर्लंडमध्येही कुळांना शेते मिळाली, तर शेतमजुरांसाठी १८८३ पासून निराळे कायदे होऊन घर आणि त्याभोवती अर्धा एकर, पुढे एक एकर, एवढी तरतूद झाली.

सरावासाठी : आपल्या घरचा किंवा परिचितांचा जुना सातबारा मिळाल्यास त्यातील ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यातील शब्द उतरवून घ्या. त्यांतील प्रत्येक शब्दातून देणारा कोण आणि घेणारा कोण हे केवळ शब्दरूपावरून कळते का, की त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागते, हे नोंदवा.