इंजिन खोलणे सोपे, जुळवणे अवघड

पावसाळ्यात अलिबागजवळच्या थळ, वरसोली किंवा आक्षीच्या किनाऱ्यावर गेलात, तर ओढून ठेवलेल्या व शाकारलेल्या होड्या तुम्हाला दिसतील. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा विणीचा काळ असतो. याच दिवसांत होड्यांची इंजिने खोलून, साफ करून पुन्हा जुळवली जातात. मोटारीचे इंजिन रस्त्यात बंद पडले, तर गाडी कडेला घेता येते. समुद्रात मात्र होडी वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते. म्हणून हे काम चोख व्हावे लागते. मोटारीचे इंजिन घरी खोलणाऱ्यालाही याचेच नियम लागू पडतात.

होडीचे इंजिन बहुधा डिझेलचे असते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपल्या इंजिनाची यशस्वी चाचणी केली. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. मग तेल पेटते कसे? सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम झालेले तुम्ही अनुभवले असेल. दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या भागाइतके दाबतो. हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि फवारलेले तेल आपोआप पेट घेते. दाबलेली हवा फटीतून निसटली, तर तापमान पुरेसे वाढत नाही व इंजिन सुरू होत नाही. तेव्हा इंजिन जुळवणे म्हणजे फटींचा हिशेब सांभाळणे होय.

पिस्टनभोवतीच्या रिंगचेच उदाहरण घ्या. रिंग अखंड नसते. तिच्या दोन टोकांत बारीक फट ठेवलेली असते. ही फट कशासाठी? गणित करून पाहू. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर असेल, तर रिंगचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर होतो. बिडाच्या एक मिलिमीटर लांबीत दर अंशाला सुमारे ०.००००११ मिलिमीटर वाढ होते. रिंग सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली, तर ती सुमारे ०.३५ मिलिमीटरने वाढेल. फट त्याहून कमी असेल, तर टोके एकमेकांना भिडतील आणि रिंग मोडेल किंवा सिलिंडरवर ओरखडे पाडील. फट फार मोठी असेल, तर हवा निसटेल. म्हणून कारागीर रिंग सिलिंडरमध्ये बसवून, पातळ पोलादी पट्ट्यांच्या फीलर गेजने ही फट मोजतो. शिवाय सर्व रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देत नाही. नाहीतर हवेला सरळ वाटच मिळेल.

आता साफसफाई. पिस्टनच्या माथ्यावर साचलेला काजळीचा थर लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडतात. पोलादी धार मऊ धातूवर रेघा पाडते. सुटे भाग रॉकेलमध्ये धुतात. हे काम मोकळ्या हवेत आणि ज्योतीपासून दूरच करावे. किनाऱ्यावर खरा शत्रू असतो वाळूचा कण! बेअरिंगमधील फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. वाळूचा बारीक कणही तेवढाच किंवा त्याहून मोठा असतो. तो आत शिरला, तर बेअरिंग कुरतडले जाते. म्हणून उघडे इंजिन स्वच्छ कापडाने झाकून ठेवतात.

धुतलेले भाग सारखे दिसले, तरी ते सारखे नसतात. प्रत्येक पिस्टन आपापल्या सिलिंडरबरोबर झिजलेला असतो. पिस्टनच्या दांड्याचे खालचे झाकण त्या दांड्याला जोडूनच कातलेले असते. ते दुसऱ्याला लावले, तर भोक नीट गोल राहत नाही. यासाठी खोलतानाच भागांवर खुणा करून ते क्रमाने मांडतात.

शेवटी हेड बसवायचे. त्याचे बोल्ट एका टोकाकडून ओळीने आवळले, तर हेड वाकडे बसते आणि खालच्या गॅस्केटमधून हवा गळते. म्हणून मधल्या बोल्टपासून बाहेर जात, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळतात. किती जोर लावायचा, तेही इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

हे कौशल्य तुम्हालाही शिकता येईल. शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली सायकलचा जुना हब खोला. सुटलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे मांडा आणि शेजारी क्रमांक लिहा. दोन्ही बाजूंच्या गोळ्या वेगळ्या ठेवून मोजा. मग उलट क्रमाने जुळवा. चाक अडखळले, तर कोन फार घट्ट झाला. डगडगले, तर सैल राहिला. या दोहोंच्या मधली जागा हाताला सापडली, की फटींचा हिशेब तुम्हाला कळला असे समजा.