अर्ध्या मोसमात बलवान कोण?

नोव्हेंबर २०२४ मध्ये रणजी करंडक स्पर्धेच्या पाच साखळी फेऱ्या संपल्या आणि ही स्पर्धा दोन महिने थांबली. उरलेल्या दोन फेऱ्या जानेवारीत व्हायच्या होत्या. अशी मधली सुट्टी म्हणजे वादाला आयते निमंत्रणच! वर्ध्याला आमच्या प्राध्यापक-कक्षात 'यंदा बलवान कोण, विदर्भ की मुंबई?' यावर चहा थंड होईपर्यंत खडाजंगी चाले. त्याच वर्षी मार्चमध्ये अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले होते, ते कोणी विसरले नव्हते.

एका सहकाऱ्यांनी अ गटाचा गुणतक्ताच पुढे केला. बडोदा २७, जम्मू-काश्मीर २३, मुंबई २२. "मुंबईचे काय घेऊन बसलात? बडोदा पाहा!" पुढे बडोदा उरलेले दोन्ही सामने हरला व २७ वरच राहिला. जम्मू-काश्मीर ३५ आणि मुंबई २९ गुण मिळवून बाद फेरीत गेले. तक्ता तर बरोबर होता. मग अंदाज का चुकला?

विद्यार्थी मित्रांनो, लंबकाचा आवर्तकाल काढताना तुम्ही एकाच आंदोलनाची वेळ घेत नाही, वीस आंदोलनांची घेता. कारण प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते आणि मोजमापे वाढली की तिचा परिणाम कमी होतो. पाच सामने म्हणजे पाचच मोजमापे, आणि तीही फार ढोबळ. नाणेफेक, ओली खेळपट्टी, एखादा सुटलेला झेल यांनी निकाल फिरतो.

हे वर्गात करून पाहा. रणजीच्या वरच्या विभागात आठ-आठ संघांचे चार गट, म्हणजे ३२ संघ होते. ३२ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवावे. छापा म्हणजे विजय, काटा म्हणजे हार. पाचही वेळा छापा पडण्याची संभाव्यता १/३२ आहे. म्हणजे सरासरीने एक विद्यार्थी 'अजिंक्य' ठरणारच! त्याच्या बोटांत काही खास बळ असते का?

आता उलट बाजू पाहा. समजा, एक संघ खरोखर सरस आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची संभाव्यता ०.६ आहे. तरीही पाचपैकी दोन किंवा त्याहून कमी सामनेच तो जिंकेल, असे १०० पैकी सुमारे ३२ वेळा घडेल. (अनिर्णित सामने आपण सोयीसाठी सोडून दिले आहेत.)

दुसरी अडचण प्रतिस्पर्ध्याची. विदर्भ ब गटात होता. त्यामुळे साखळीत त्याची मुंबईशी गाठच नव्हती. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास ७. पण समोरचा संघ तगडा होता की दुबळा, याचा त्यात हिशेब नाही.

हा हिशेब बुद्धिबळात अर्पाद एलो यांनी बसवला. हे मूळचे हंगेरीचे आणि अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक (आमच्याच जातकुळीचे!). जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. नागपूरच्या दिव्या देशमुखच्या नावापुढे जो आकडा दिसतो, तो याच पद्धतीचा. दोघांच्या गुणांकांत २०० चा फरक असेल, तर वरच्याकडून सरासरी ०.७६ गुणाची अपेक्षा धरतात. तो जिंकला तर प्रत्यक्ष १ गुण, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.२४ जास्त. हा फरक ठरलेल्या अंकाने, समजा २० ने, गुणायचा. वाढ फक्त ४.८ ची! पण हरला तर घट १५.२ ची. दुबळ्याला हरवून फारसे पदरात पडत नाही. २०१८ पासून पुरुषांच्या फुटबॉल संघांची जागतिक क्रमवारीही याच तत्त्वावर काढली जाते.

आणि विदर्भ? त्याने साखळीत ४० गुण मिळवले, फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले आणि पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडकही जिंकला. आमच्या कक्षात गोरसपाक वाटला गेला. "मुंबईशी मागच्या दोन सामन्यांत एक हार, एक जीत. यावरून बलवान कोण ठरले?" असे मी विचारले, तेव्हा सहकाऱ्यांनी माझ्यापुढचा डबा उचलून नेला.